काकांचा उजवा पाय

माझ्या मोठ्या काकांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. मशीनं चालू असली की तिथली माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत. काका मात्र त्या गदारोळातही मान तिरकी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पलीकडचा शाईचा रूळ कोरडा पडलाय." जाऊन बघावं तर खरंच पडलेला असायचा. शाळा सुटली की मी आणि दादा, म्हणजे काकांचा मुलगा, त्यांना घरी न्यायला तिथे जायचो. शाई, तेल आणि कोऱ्या कागदाचा वास त्यांच्या शर्टाला इतका चिकटलेला असे की काकूने कितीही घासलं तरी तो जायचा नाही. पुढे ते शर्ट विरले, पण तो वास मला अजून अधूनमधून आठवतो आणि मग काही वेळ दुसरं काही सुचत नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी आपलं सगळं लक्ष गाडीवर वळवलं. बिस्किटाच्या रंगाची जुनी गाडी. काकू तिला 'माझी सवत' म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर स्वतःही करून घ्या," असं दर रविवारी आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. आमचं घर त्यांच्या घराला लागूनच होतं. दोन्हींच्या मध्ये फरशी घातलेली मोकळी जागा होती, तेच काकांचं गॅरेज. भिंतीला टेकून जॅक, खिळ्यांना अडकवलेले पाने, डब्यांमध्ये मापाप्रमाणे लावलेले नटबोल्ट. त्यांनी गाडी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. दादा नोकरीसाठी परगावी होता. फोनवर त्याचं एकच पालुपद असे: बाबांना ऐकू कमी येतं, त्यांनी गाडी चालवू नये, आपण ती विकून टाकू. काका भडकायचे. "मला ऐकू येत नाही हे त्याला तिकडे बसून बरं ऐकू आलं!" काकू मध्ये पडायची नाही. छापखाना सुटल्यापासून गाडी हीच काय ती काकांची हक्काची जागा उरली होती, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

नेमका त्याच दिवसांत गाडीचा ब्रेक वाजायला लागला. कोपऱ्यावर गाडी हळू झाली की बारीक, लांबलचक किंकाळी निघायची. कुंपणावर झोपलेलं मांजर धडपडून खाली यायचं. काका मात्र गाडीतून निवांत उतरायचे.

"अहो, ब्रेक ओरडतोय," एका रविवारी सकाळी काकू म्हणाली.

"कुठे? मला तर काही ऐकू आलं नाही."

"अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय."

"सकाळी चिरंजीवांचा फोन येऊन गेला वाटतं?"

"त्याचा काय संबंध? तुमच्या गळ्याची शपथ, ओरडतोय."

"कसा ओरडतो? काढून दाखव बघू आवाज."

काकूने पदर खोचला, इकडेतिकडे बघून घेतलं आणि "कुईईई" असा काही सूर लावला की शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला हसू आवरेना. काकाही हसले, पण लगेच तोंड पाडून म्हणाले, "तुम्ही सगळे एका माळेचे मणी. चल गं, तू बस गाडीत. आज याचा सोक्षमोक्ष लावू."

मी त्यांच्या शेजारी बसले. खिडक्या खाली केल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि वळून परत निघालो. काकांनी ब्रेकवर हलकासा पाय दिला आणि ती किंकाळी सुरू झाली. मी त्यांच्याकडे बघितलं. मान तिरकी करून ते ऐकत होते, छापखान्यात ऐकायचे तसेच. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

"वाजतोय, काका," मी म्हटलं.

"तू काकूचीच पुतणी."

तेवढ्यात रस्त्याकडेच्या पायरीवर बसलेल्या एका लहान मुलीने हातातली बाहुली टाकून दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. डोळेही मिटून घेतले. तिला आमच्या घरातलं काही ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी गाडी तिथेच थांबवली. किंकाळी थांबली तसे मुलीने हळूच हात काढले. काकांनी पुन्हा गिअर टाकला. मग एवढंच म्हणाले, "घरी जाऊ."

 घरी आल्यावर त्यांनी काकूला फाटकाशी उभं केलं आणि म्हणाले, "आता तू माझे कान. हिला गाडी पुढे-मागे घ्यायला सांगतो. कुठल्या चाकातून येतो ते बघ." मला गाडी चालवता येत होती, त्यांनीच शिकवलेली. मी गाडी हळूहळू पुढे-मागे घेतली. काकू वाकून, कानामागे हात धरून, चाकांच्या बाजूने चालत राहिली.

"पुढची दोन्ही. मागची शहाणी आहेत," तिने निकाल दिला. "दाराच्या बिजागरीला घालता तसं थोडं तेल घाला ना."

"ब्रेकला तेल? घालतो. मग समोरच्यांच्या स्वयंपाकघरातच जाऊन थांबू."

काकांनी चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅकवर गाडी चढवली, खाली आधार दिला आणि चाक काढलं. तोंडाला रुमाल बांधला, कारण ब्रेकची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. चाकाच्या आतल्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारे ब्रेक पॅड त्यांनी बाहेर काढले आणि उजेडात धरले. मला वाटलं होतं झिजले असतील. तसे ते भरपूर जाड होते. पण त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकत होता. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. दुसऱ्या चाकाचे काढले, तेही तसेच.

"काय झालंय?" काकूने विचारलं.

"भाजलेत. वरून काच झालीये. सतत हलका ब्रेक लागत राहिला की असं होतं."

"सतत कोण लावतंय?"

काकांनी रुमाल तोंडावरून खाली ओढला.

"मी," ते म्हणाले. "मागून कोण येतंय ते कळत नाही गं. स्कूटर एकदम शेजारी दिसते, तेव्हा समजतं. म्हणून पाय ब्रेकवरच असतो. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत."

काकू पायरीवरून उठून त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि पॉलिशपेपर त्यांच्या हातात दिला.

काकांनी कागद फरशीवर सपाट धरला आणि त्यावर पॅड गोल गोल फिरवत राहिले. चकाकी गेली, खालचा खरखरीत करडा रंग दिसू लागला. कडा किंचित तिरप्या घासल्या. तबकडी कोरड्या फडक्याने पुसली. पॅडच्या पाठीला ब्रेकचं वंगण लावलं, पुढच्या बाजूला त्याचा डागही लागू दिला नाही. सगळं जागच्या जागी बसवून ब्रेक कडक होईपर्यंत तो दाबून घेतला, तेव्हा कुठे त्यांनी मला किल्ली दिली. मी गल्लीतून एक फेरी मारून आले.

"वाजला?" त्यांनी काकूला विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"मांजर उठलं नाही."

काकांनी हात धुतले. "आत्ता गप्प आहे. पण माझा पाय तोच. महिन्याभरात पुन्हा ओरडेल." मग घरात जाऊन त्यांनी स्वतः दादाला फोन लावला. "गाडी विकायची नाही," ते मोठ्याने म्हणाले. "पण मी चालवणार नाही आता. ... का म्हणजे काय? तू बरोबर होतास. पुन्हा म्हणायला लावू नकोस."

"मग चालवणार कोण?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मी," काकू म्हणाली.

"या वयात?" काका थक्कच झाले.

"घासूनपुसून ब्रेक चालतात, मग मी का नाही?"

काकू शिकली. पहिल्या दिवशी फाटकातच गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली, आणि आयुष्यभर मशीनच्या गदारोळात राहिलेले काका हळू आवाजात म्हणत राहिले, "क्लच सावकाश सोड. आपल्याला कुठे घाई आहे." मागून कोणी येतंय का, ते काकू ऐकायची, गिअर कुठला, ते काका सांगायचे. दर रविवारी दोघं बाहेर जायची. मी गच्चीत पुस्तक घेऊन बसलेली असायचे. ब्रेक एव्हाना मुका झाला होता. त्यामुळे कोपऱ्यावरून आधी त्या दोघांचं भांडण ऐकू यायचं आणि मग गाडी दिसायची.