नारिंगी वायर

ओरिसिया सोळा वर्षांची झाली तरी खिडकीबाहेर बघत बसायची तिची खोड गेली नव्हती. शाळेची पिवळी बस फाट्यावर अंधारातच यायची. वेकहॅम गाव येईपर्यंत बाकीची पोरं फोनमध्ये मान घालून पेंगायची. ही मात्र काचेवर गोठलेलं बाष्प नखानं खरवडून बटणाएवढं भोक पाडायची आणि त्याला डोळा लावून बसायची. बाहेर बर्फ, कुंपण, पुन्हा बर्फ. तिथली जमीन इतकी सपाट, की माणसाला मनातच काहीतरी उभं करावं लागतं.

फक्त गोलमध्ये ती जागी असे. गावाच्या मुलींच्या बर्फावरच्या हॉकी संघात ती गोलकीपर होती. जाडजूड पॅड बांधून जाळ्यासमोर वाकली, की जग एका काळ्या रबरी चकतीएवढं व्हायचं. तेवढ्या जगाला ती पुरून उरायची.

यंदा तिच्या वडिलांची, बोहदानची, खाणीतली पाळी बदलली.

"आता संध्याकाळी सरावाला तुला नेणार कोण?" त्यानं विचारलं.

"लायसन्स काढते ना, टाटो." बापाला ती टाटोच म्हणायची.

"काढ. नाहीतर गोल ब्रिनला देऊन टाक."

ब्रिन राखीव गोलकीपर. पलीकडच्या शेतावरची, हिच्याच वर्गातली. तिनं पानगळीतच लायसन्स काढलं होतं. परीक्षा घेणाऱ्या बाई वेकहॅमला महिन्यातून एकदाच यायच्या. ही खेप हुकली, की महिनाभर सराव नाही. आणि सरावाला नसलेल्या पोरीला प्रशिक्षक बर्फावर उतरवत नसत.

परीक्षेच्या सकाळी हवा अशी होती, की श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हावेत. परीक्षा व्हायची त्या गावच्या सभागृहासमोर बोहदाननं ट्रक खांबाला तोंड करून उभा केला आणि रोजच्या सवयीनं गाडीच्या नाकातून लोंबणारी नारिंगी वायर खांबाच्या प्लगात खोचली. अशा थंडीत इंजिनाला वीज पाजून ऊब दिली नाही, तर ते मढं होऊन बसतं. मग तो कॉफी प्यायला आत गेला.

परीक्षा घेणाऱ्या लिंडक्विस्टबाई आल्या. मोठा कोट, बारीक डोळे. "आधी गाडीभोवती एक चक्कर मार. सगळं नीट बघ."

ओरिसिया निघाली. चाकं पाहिली, मागचे दिवे पाहिले. वळसा घालून गाडीच्या नाकासमोर आली आणि तिची मान आपसूक वर गेली. धान्याच्या कोठारावर सूर्य उगवला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आणखी दोन, कडाक्याच्या थंडीत कधीमधी दिसतात तसे आभासी. हवेतले बर्फाचे कण चमचमत खाली येत होते, कुणीतरी आकाश किसत असल्यासारखे. मधला सूर्य कोणी चोरून नेला, तर या दोघांतला कोणता त्याच्या जागी बसेल? तिला वाटलं, कोणताच नाही. तिघेही विझतील.

ती गाडीत बसली, बाई शेजारी. पट्टा लावला. आरसा नीट केला. गाडी मागे घेतली.

एक हिसका बसला. काहीतरी फटकन तुटलं.

"थांब," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. "काही राहिलं का?"

ओरिसियानं पट्टा चाचपला. "नाही."

"समोर बघ बरं."

खांबाला अर्धी वायर लोंबत होती. उरलेली अर्धी ट्रकच्या तोंडातून जिभेसारखी बाहेर आली असणार.

"चक्कर मारलीस ना?"

"मारली."

"मग पाहिलंस काय?"

"तीन सूर्य."

बाई पुढं वाकल्या. काचेतून वर बघत राहिल्या, बराच वेळ. "आहेत खरे," त्या म्हणाल्या. "पण वायरही होती. पुढच्या महिन्यात ये हो, पोरी."

बोहदान ऐकून पोट धरून हसला. "अगं, लग्नाच्या दिवशी मी अशीच वायर घरापासून चर्चपर्यंत फरफटत नेली होती! तुझी आई अजून त्यावरून चिडवते मला." मग लेकीचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "पण काय करणार? तेव्हा लायसन्स होतं माझ्याकडे."

दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये ब्रिन आपली ताटली घेऊन समोर बसली. गरम रश्शात भिजलेल्या बटाट्याच्या फोडी.

"गावभर झालंय," ब्रिन म्हणाली. "खांबालासुद्धा तुझं नाव देणारेत म्हणे."

"हस. गोल तुझाच झाला आता."

ब्रिन हसली नाही. काट्यानं एक फोड इकडून तिकडे ढकलत राहिली. "असा नको मला. लोक म्हणतील, वायरीनं मिळवून दिला." मग ताटली बाजूला सारून म्हणाली, "मी नेते तुला रोज. पण शेवटचा डाव माझा. प्रत्येक सामन्यात. प्रशिक्षकांशी मी बोलते."

"तिसरा? तीन डावांत तोच तर खरा असतो!"

"माहितेय म्हणून तर मागतेय."

तिसऱ्या डावात पाय जड होतात, बर्फ खडबडीत होतो, चकती कुठूनही येते. सगळ्यात जास्त तिथंच ओरिसिया जिवंत असायची. तेच द्यायचं होतं.

"गाडीत हीटर चालतो का तुझ्या?"

"नाही. घोंगडी आण."

"बरं," ती म्हणाली. "आणते."

शनिवारी दोन डाव संपले. ओरिसियानं हेल्मेट काढलं आणि ती बाकावर जाऊन बसली. ब्रिन जाळ्यासमोर वाकली. आजवर ओरिसियानं खेळ एका टोकाकडूनच पाहिला होता, आपल्यावर चालून येणारा. आता तो तिच्यासमोरून आडवा जात होता, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि पोरींच्या स्केटखालून बर्फाचा भुगा उडत होता. तिची पापणी लवत नव्हती. चकती ब्रिनकडे निघाली तशी ती नकळत उभी राहिली.

"डावीकडे, ब्रिन!" ती ओरडली. "डावीकडे बघ!"