धुतलेला फिल्टर

‘मी करतो ना’ असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आयुष्यभर हेच ऐकत आले. भाऊ म्हणायचा, दीर म्हणायचे, बँकेतला शिपाईसुद्धा म्हणायचा. म्हणणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, म्हणून उलट बोलायचीही सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

माझा डावा पाय तीन वर्षांची असताना पोलिओनं गेला. म्हणजे पाय आहे, पण त्याच्या भरवशावर क्लच दाबता येत नाही. त्यामुळे पन्नाशी उलटेपर्यंत मी कायम दुसऱ्याच्या मागच्या सीटवर. मालक होते तोवर त्यांच्या मागं, ते गेल्यावर ज्याला वेळ असेल त्याच्या मागं. शेत आमचं देऊळगाव राजाहून साखरखेर्ड्याच्या बाजूला, शेवटचे तीन किलोमीटर नुसती काळी माती. नटूनथटून नाही, पण डबा बांधून मी ओट्यावर बसायची आणि येणाऱ्याची वाट बघायची. दहाला येतो म्हणणारा बाराला यायचा. त्यालाही हसून ‘बसा, चहा घ्या’ म्हणावं लागायचं. तो चहा करताना मला काय वाटायचं, ते लिहिण्यासारखं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. चारही चाकं ओढणारी, क्लच नसलेली. उजवा पाय पुरतो. गल्लीतल्यांनी ‘बाईनं रणगाडा आणला’ म्हणून चेष्टा केली. करू द्या. पहिल्यांदा एकटी शेतापर्यंत गेले, इंजिन बंद केलं आणि बांधावर गाडीतच बसून रडले. आनंदानं नाही. इतकी वर्षं वाया गेली म्हणून, रागानं.

शेतात माझं हिरव्या जाळीचं शेडनेट आहे. त्यात मी मिरचीचं बियाणं करते. संध्याकाळी कळी उमलायच्या आत तिच्यातला नर भाग चिमट्यानं काढायचा, सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे परागकण तिला बोटानं लावायचे. आमच्याकडे सगळे याला क्रॉसिंगच म्हणतात. एक सकाळ हुकली की त्या दिवसाची फुलं गेली. पाच बाया माझ्याबरोबर कामाला, त्यांनाही मीच गाडीत घेऊन जाते.

त्या पावसाळ्यात गाडी गिअरला अडायला लागली. दांडा ‘डी’वर टाकायचा, मनात एक, दोन म्हणायचं, मग ती धक्का देऊन निघायची. गावातल्या दोन्ही मिस्त्र्यांनी हात जोडले, आटोमॅटिक आम्ही खोलत नाही म्हणाले. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपवाल्यानं आठवडाभर गाडी सोडून जा म्हणून सांगितलं. क्रॉसिंगच्या दिवसांत आठवडा! मग मी गाडीचं जाडजूड पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. गिअरबॉक्सच्या तळाशी परातीसारखं एक झाकण असतं. ते उघडलं की आत तेल गाळणारा चपटा फिल्टर. तो बदलायचा, झाकणाची गॅस्केट नवी लावायची, ठरलेलं लाल तेल भरायचं. इंजिनचं ऑईल मी दोनदा घरीच बदललं होतं, हे त्याच्यापेक्षा थोडंच पुढचं काम. फिल्टर पार्सलनं मागवला; गॅस्केट आणि तेल मात्र, एका खेपेला चुकलं तर म्हणून, दोनदा पुरेल एवढं.

पार्सल आलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन जवाईबापू आले.

अधिक महिना होता. अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याला धोंड्याचं जेवण करायचं, अनारसे द्यायचे, कपडे करायचे आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला काही बोलायचं नाही. एरवीही बोलायचं नसतंच. जावई दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. माझे जवाईबापू मोताळ्याकडचे, घरी ट्रॅक्टर, कापूस-सोयाबीनची मोठी शेती. माणूस वाईट नाही. पण ट्रॅक्टर ज्याला कळला त्याला सगळं जग कळलं, अशी त्यांची पक्की समजूत.

सकाळीच मी गाडी अंगणातल्या सिमेंटच्या उतारावर चढवली, चाकांना दगड लावले आणि मालकांची जुनी पँट घालून खाली शिरले. झाकणाचे निम्मे बोल्ट ढिले केले असतील, तेवढ्यात माझ्या डोक्याशी दोन पाय येऊन उभे राहिले.

“मामी, हे काय? तुमी काऊन गाडीखाली शिरून राह्यल्या? मी करतो ना!” सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात.

“राहू द्या जवाईबापू, कपडे खराब होतील.”

“असं कसं? धोंड्याचा जवाई ओट्यावर बसला अन् सासू गाडीखाली! लोकं काय म्हणतीन मले?”

मुलगी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आई, आता वाद नको. आणि मी पाना त्यांच्या हातात दिला. माझी चूक ती हीच. दुसऱ्या कुणाच्याही हातात दिला नसता. पण अधिक महिना, घरात पुरण शिजतंय, आणि मी नारायणाला नाही कशी म्हणू? हात धुऊन धोंडे तळायला बसले. मुलगी त्यांना बॅटरीचा उजेड धरून उभी होती.

मी खिडकीतून दोनदा विचारलं, “फिल्टर नीट बसला ना? त्याच्या नळीचं जुनं रबरी कडं वर अडकून नाही राहिलं?”

“एकदम चकाचक, मामी!”

झाकण बसलं. लाल तेल मीच पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोजून भरलं. जवाईबापू पाटावर बसले, मी त्यांना ओवाळलं, ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी दोघं मोताळ्याला गेले.

आठ-दहा दिवस गाडी बरी चालली. मग एका सकाळी, शेताच्या अलीकडे नाल्याचा चढ लागतो तिथं, पाचही बाया गाडीत असताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना. उलटी मागंच सरकायला लागली, ब्रेक दाबून धरला. रिव्हर्स टाकून पाहिला, परत ‘डी’ टाकला. काही नाही. बाया उतरल्या आणि चिखलातून चालत निघाल्या, फुलं थांबत नाहीत ना. मला त्या चिखलात पन्नास पावलंही चालवत नाही. मी गाडीतच बसून राहिले, कुणी येईल याची वाट बघत. अकराच्या पुढं एक ट्रॅक्टरवाला आला. तोही म्हणाला, “थांबा बाई, मी करतो ना.” साखळी बांधून त्यानं मला घरापर्यंत ओढत आणलं आणि बसस्टँडवरच्या सगळ्यांनी ती वरात पाहिली.

मुलीला फोनवर सांगितलं. तिच्या हातातून जवाईबापूंनी फोन घेतला. “मामी, तवाच म्हणलं होतं, आटोमॅटिक आपल्याकडच्या चिखलातली गाडी नाई. इकून टाका. गिऱ्हाईक हाय माझ्यापाशी, रविवारी घेऊनच येतो. तुमाले डायवर ठेवून देऊ एक.”

डायवर! म्हणजे पुन्हा ओट्यावर डबा घेऊन बसायचं. पुन्हा मागची सीट. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवूनही दिला. हो-नाही म्हणायला मला जागाच ठेवली नव्हती.

चार दिवस बाया ऑटोनं आणि पायी जात राहिल्या. मी घरी बसून फोनवर विचारत राहिले, किती फुलं झाली, किती राहिली. रविवारी सकाळी शेजारच्या दोघांकडून ढकलून गाडी उतारावर चढवून घेतली आणि खाली शिरले. या वेळी झाकण मी उघडलं. तेल काळपट झालं होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. फिल्टर ओढून काढला. त्याच्या कडेला एक जुना पोचा होता, आतला नमदा, म्हणजे तेल गाळणारं जाड कापड, फाटून लोंबत होता. नवा फिल्टर मी स्वतः पार्सलातून काढून पाहिला होता. हा तो नव्हता. हा जुनाच, धुऊन परत लावलेला. नमदा धुतल्यानं स्वच्छ होत नाही, फाटतो, आणि चोंदलेल्या फिल्टरमधून गिअरबॉक्सला तेल ओढता येत नाही.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. जवाईबापू, मुलगी आणि मोताळ्याचे एक गृहस्थ. गिऱ्हाईक.

मी तशीच तेलानं माखलेली बाहेर सरपटत आले आणि फिल्टर जवाईबापूंच्या पायाशी टाकला. “हे काय आहे?”

ते जराही गडबडले नाहीत. “फिल्टर. डिझेलनं मस्त धुतला होता मामी. आमच्या ट्रॅक्टरचं जाळीचं फिल्टर चार साल झाले धुऊनच वापरून राह्यलो. नवं काऊन वाया घालवाचं? जपून ठेवलं ना, कोठीत, शेवयांच्या डब्यामागं.”

शेवयांच्या डब्यामागं! मग मी बोलले. जे सासूनं बोलू नये ते सगळं बोलले, परक्या माणसासमोर बोलले. म्हटलं, तुमच्या चकाचकपणापायी मी भर चढावर पाच बाया घेऊन मागं घसरले. न विचारता धुतलंत, न सांगता झाकलंत, आणि आता माझे पाय विकायला गिऱ्हाईक घेऊन आलात? ही गाडी नाही, माझे पाय आहेत. जवाईबापूंचा चेहरा उतरला. “माणसानं चांगलं करावं का नाई?” एवढं म्हणून ते त्या गृहस्थांना घेऊन चहाच्या टपरीकडे चालते झाले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, फार बरं वाटलं.

मुलीनं कोठीतून नवा फिल्टर आणून दिला. डबे हलवावे लागले नाहीत, तिचा हात सरळ त्याच जागी गेला होता. मी गाडीखाली होते, तिचे फक्त पाय दिसत होते.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

तिचे पाय जरा मागं सरकले. मग म्हणाली, “बॅटरी मीच धरली होती ना, आई. मले दिसलं. तू फोनवर पुस्तकातून वाचून दाखवलं होतं, धुवायचा नसतो म्हणून.”

“मग बोलली काऊन नाहीस? दहा दिवस फोनवर तरी सांगायचंस!”

“तूच सांगितलं होतं. पाठवणीच्या वेळी, मोटारीत बसताना. नवऱ्याचा शब्द कधी खाली पडू देऊ नको. चूक दिसली तरी गप राहावं, घर टिकतं.”

सांगितलं होतं. सगळ्या आया सांगतात तसं, डोळे पुसत, कानाशी लागून. मी! जिला आयुष्यभर तोंड दाबून ऐकून घ्यायची चीड, तिनं एकुलत्या एका मुलीला जाता जाता हे देऊन पाठवलं. जवाईबापूंवर ओरडताना जे बरं वाटलं होतं, ते सगळं गेलं. आता चीड आली ती माझी मलाच, आणि गाडीखाली पाठीवर पडलेल्या माणसाला कुठं तोंड फिरवायलाही जागा नसते.

“ते मी चुकीचं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “ऐकतेस ना? चुकीचं होतं.”

तिनं वाकून हातात नवी गॅस्केट दिली.

फिल्टर बसवला, नवं कडं तेलाचं बोट लावून बसवलं, झाकणाचे बोल्ट एकाआड एक आवळले. लाल तेल भरलं. चाकांचे दगड काढले, गाडी चालू केली आणि ब्रेकवर पाय ठेवून दांडा ‘डी’वर टाकला. एक म्हणायच्या आतच गाडीनं गिअर धरला. पाय जरा सैल केला तशी ती उतारावर आणखी वर चढली, मागं घेतली तशी अंगणात आली. माझी गाडी माझ्याकडेच राहिली होती.

आवाज ऐकून जवाईबापू आणि ते गृहस्थ फाटकात आले. जवाईबापूंनी गाडीकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे वळून म्हणाले, “पाह्यलं? फिल्टर त म्या चांगलंच धुतलं होतं. मामीनं आता फक्त तेल बदललं.”

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण मी ते गिळलं आणि उघड्या काचेतून मुलीकडे पाहिलं. तिच्या हातात जुना फिल्टर होता, फाटका नमदा खाली लोंबत होता. तिला फक्त तो वर करून दाखवायचा होता. मी थांबले. जेवढं थांबता येईल तेवढं थांबले.

तिनं फिल्टर पदराआड घेतला.

“सगळ्यांसाठी चहा ठेवते,” ती म्हणाली आणि आत गेली.