भांडणाचा रतीब

माझ्या सासऱ्यांना लोक दीर्घायुष्याचं रहस्य विचारतात आणि ते प्रत्येकाला वेगळं सांगतात. समोरच्या बंगल्यातले निवृत्त साहेब पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर बांधून रोज रंकाळा तलावाला चक्कर मारतात. त्यांना म्हणाले, "मी जन्मात कधी कामाबिगर चाललो न्हाय." पुण्याहून आलेल्या एका पाहुणीला सांगितलं, रोज सकाळी मिरचीचा खर्डा आणि शिळी भाकरी. ती बिचारी खरंच डबाभर खर्डा घेऊन गेली. पुढं तिच्या पोटाचं काय झालं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात, मीही म्हणते. मामांनी नव्वदी गाठत आणली आहे. बुधवारी आणि रविवारी मटण लागतं, आणि तांबडा रस्सा ते वाटीनं पीत नाहीत, तांब्यानं पितात. मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊजला हुक लावत बसले, की मोबाईलवर शंभर वर्षं जगण्याचे व्हिडिओ लावून ठेवते. कमी खा, लवकर झोपा, मन शांत ठेवा, कोणाचा राग धरू नका. मामा यातलं एकही करत नाहीत. ते एकच गोष्ट नेमानं करतात आणि ती कुठल्याच व्हिडिओत नाही. ते रोज भांडतात.

आता, भांडतात म्हणजे उठसूट कोणाशीही नव्हे. माणूस ठरलेला, जागा ठरलेली आणि विषयही ठरलेला.

जागा म्हणजे दूध कट्टा. आमच्या गावात सकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळलेलं दूध ग्लासात देतात. उभ्यानं प्यायचं, मिशीवरचा फेस पुसायचा आणि गावाच्या कारभाराला नावं ठेवायची. मामा तरुणपणापासून तिथं जातात. समोरून दुसऱ्या पेठेतले मास्तर यायचे. मास्तर म्हणजे शाळेतले खेळाचे निवृत्त शिक्षक, मामांपेक्षा थोडे लहान, पण आवाजानं मोठे.

विषय समजायला थोडं गाव समजावं लागतं. कोल्हापुरात कुस्ती आहे हे बाहेरच्यांना माहीत असतं. फुटबॉल आहे हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. इथं पेठांचे संघ आहेत आणि माणूस संघासकटच जन्माला येतो. मामांची पेठ एक, मास्तरांची दुसरी. नावं सांगत नाही, कारण मला या गावात अजून भाजी आणायला जायचं असतं.

दोघं तरणेबांड असताना एका अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मामा गोलकीपर, मास्तर पुढच्या फळीत. मास्तरांनी शेवटच्या क्षणी चेंडू मारला, मामांनी झेप घेऊन तो छातीशी धरला आणि पडले. पंचांनी गोल दिला नाही. मामांची पेठ जिंकली. तेव्हापासून चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, याची सुनावणी रोज सकाळी कट्ट्यावर चालत असे. पंच बिचारे केव्हाच देवाघरी गेले.

"बॉल माझ्या छातीवर हुता!"

"आणि छाती आत हुती तुझी!"

"डोळं तपासून घे जा!"

"तू अक्कल तपासून घे!"

एवढं झालं की मामा लालबुंद होऊन घरी यायचे आणि दोन भाकरी जास्त खायचे. एकदा मास्तर लग्नाला म्हणून गडहिंग्लजला गेले, तर परत येईपर्यंत मामांचं पोट साफ होईना. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. माझं माहेर मास्तरांच्या पेठेतलं. लग्न झालं की बाईचा संघ बदलतो, असं सगळे गृहीत धरतात. माझं आडनाव बदललं, कुलदैवत बदललं, आमटीचं वाटणसुद्धा बदललं. संघ मात्र मी बदलला नाही, फक्त तोंड बंद ठेवलं. आमचा संघ जिंकला की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच शिरा करायची. घरातल्यांना वाटायचं, हिला शिरा फार आवडतो. आणि त्या गोलाबद्दल म्हणाल, तर माझे वडील त्या दिवशी गोलपोस्टच्या मागेच बसले होते. चेंडू हातभर आत होता, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

गेल्या गणपतीनंतर मास्तर न्हाणीत पाय घसरून पडले. मुलानं त्यांना पुण्याला नेलं. मामा तरीही कट्ट्यावर जात राहिले. ग्लास हातात धरून रस्त्याकडे बघत उभे राहायचे आणि अर्धं दूध तसंच ठेवून परत यायचे. "येईल की हाडं जुळली म्हंजे," असं स्वतःलाच म्हणायचे.

दसऱ्याच्या सुमारास मास्तरांचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर चालू करून दिला.

"नमस्कार. तब्येत कशी आहे आपली?"

मामांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "कोण बोलतंय?"

बोलत होते मास्तरच. आवाज नुसता साखरेच्या पाकात घोळलेला. त्यांनी सांगितलं, की मुलानं त्यांना ज्येष्ठांच्या वर्गात घातलं आहे. तिथं शंभर वर्षं जगायला शिकवतात. सकाळी कोमट पाणी, मग लांब श्वास, आणि मग रोज एका माणसाबद्दलचा राग मनातून काढून टाकायचा.

"आज तुमची पाळी आहे," मास्तर म्हणाले. "तो गोल नव्हता. तुमचंच बरोबर होतं. माझ्या मनात आता काही नाही. तब्येतीला जपा."

मला वाटलं, मामा आता चौकात पेढे वाटतील. आयुष्यभराचा खटला जिंकला होता. पण त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत मागं टेकून बसले.

"संपला गडी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भाकरी एकावर आली, मग अर्धीवर. रविवारी रश्श्यावर साय धरल्यासारखा तेलाचा थर गोठला तरी तांब्याला हात लागला नाही. नवरा वारणानगरला नोकरीला, सकाळी जातो तो रात्रीच येतो. त्यानं ताकदीच्या गोळ्या आणल्या, फळं आणली, शेवटी डॉक्टर आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं ठणठणीत आहे. वय झालंय, एवढंच.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यांचे डॉक्टर केव्हापासून ऑपरेशन करून घ्या म्हणत होते, आणि मामांनीही हंगामाआधी करून टाकू म्हणून कबूल केलं होतं. आता विषय काढला, तर म्हणाले, "बघायचं काय ऱ्हायलंय आता?"

"मामा, थंडीत मॅचेस सुरू होतील की."

"कोण बघतंय पुढचा हंगाम!"

हे ते सहज बोलले, पण मला भीती वाटली. माझे वडील गेले, तेव्हा बाकीचे सगळे चार दिवस येऊन समजूत घालून गेले. मामांनी समजूत घातली नाही. ते कितीतरी दिवस रोज दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?" मी जेवले म्हटल्याशिवाय तिथून हलायचे नाहीत. तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत जेवण सोडत होता आणि मी हुक लावत बसले होते. मोबाईलमधली बाई सांगत होती, मन शांत ठेवा. मला असा राग आला, की मी मोबाईल उशीखाली कोंबला.

मामा पुढच्या सोप्यात उन्हाला बसले होते. पुढ्यातला चहा गार झाला होता. मी सुई खाली ठेवली.

"मामा, तो गोल होता."

त्यांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"गोल होता म्हटलं. माझे वडील पोस्टच्या मागं बसलेले. हातभर आत होता."

"तुझं वडील?" मामांनी खुर्चीचे हात धरले. "तुझं वडील पोस्टामागं न्हवतं! चिरमुऱ्याच्या गाड्यापाशी हुभं हुतं! मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय!"

"म्हणजे चेंडू सोडून तुम्ही चिरमुऱ्याच्या गाड्याकडं बघत होता. मग गोल होणारच की!"

मामा उभे राहिले. कित्येक दिवसांत ते काठीशिवाय उभे राहिले नव्हते.

"माझ्या घरात ऱ्हाऊन, माझी भाकरी खाऊन, त्या पेठंची बाजू घेतीस व्हय?"

"भाकरी मीच थापते."

त्या दुपारी मामांनी पानात अजून एक भाकरी वाढायला सांगितली. माझ्याशी बोलले नाहीत, भिंतीकडे बघून सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी उलटता उलटता एकटीच हसले.

तेव्हापासून रतीब माझ्याकडे आला. सकाळी चहाबरोबर भांडण. मी मशीन चालवत भांडायची, ते उन्हात बसून भांडायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी समोरचे साहेब आमच्या दारात आले आणि वयस्कर माणसाशी सुनेनं असं बोलू नये, म्हणून मला समजावू लागले. मामा त्यांच्यावरच उखडले. "पावणं, तुमी तुमची पावलं मोजा!" नवऱ्याला मात्र खरा धक्का बसला. तो रात्री किती तरी वेळ पलंगाच्या कडेला बसून होता. "म्हणजे इतकी वर्षं तू त्यांच्या बाजूची?" त्याचं तोंड असं झालं होतं, की जणू माझं आधीचं एखादं लग्न उघडकीला आलंय.

पण माझं भांडण मामांना पुरेना. मी त्या सामन्यात नव्हते, मी तर जन्मलेही नव्हते. मास्तरांनी डाव्या पायानं बॉल कसा मारला, हे मामा सांगायला लागले, की मी वडिलांचं तेच 'हातभर आत' पुन्हा म्हणायची. जेवण थोडं वाढलं, पण डोळ्यांच्या ऑपरेशनचं नाव काढलं, की पुन्हा तेच उत्तर. एका सकाळी ते कंटाळून म्हणाले, "तू बघितलेलं न्हाईस. ऐकीव गोष्टीवर मी किती भांडायचं?"

मग स्वतःच म्हणाले, "फोन लाव त्येला."

फोन मास्तरांच्या सुनेनं उचलला. बाबांना ताण द्यायचा नाही, असं ती बजावत होती. मामा म्हणाले, "ताण न्हाय देत, बाई. मास्तरला दे."

मास्तर आले. पुन्हा तोच पाक. "नमस्कार. तब्येत..."

"तब्येत गेली खड्ड्यात. गोल हुता का न्हवता?"

"झालं गेलं गंगेला मिळालं. मी आता राग..."

"माझी सून म्हणतीया, हुता. तुझ्या पेठंची पोरगी हाय ती. तुझ्या बाजूनं एकटी भांडाय लागलीया माझ्यासंगं. आणि तू तिकडं कोमट पाणी पीत बसलाईस?"

तिकडून लांब श्वास ऐकू आला. वर्गात शिकवलेला असणार. मग जरा वेगळ्या आवाजात प्रश्न आला, "कुणाची पोरगी?"

"चिरमुऱ्याच्या गाड्यापाशी हुभा ऱ्हायचा, त्येची."

"गाड्यापाशी?" फोन मास्तरांच्या आवाजानं थरथरला. "आरं, पोस्टामागं बसला हुता त्यो! मी बॉल मारला, तवा त्येचंच तोंड दिसत हुतं मला! आणि गोल हुता! हातभर आत हुता! बॉल घिऊन जाळीत पडलतास तू!"

"आंधळा हाईस तू!"

"आंधळा तू! ईऊ दे मला कट्ट्यावर, दाखवतो!"

मागून त्यांच्या सुनेचा आवाज येत होता, "बाबा, श्वास घ्या, श्वास घ्या." मास्तरांनी तो कशाला घेतला, ते आम्हाला चांगलंच ऐकू आलं. पुढची शिवी मी इथं लिहीत नाही.

फोन ठेवला तेव्हा मामांचे कान लाल झाले होते. मिशीवर हात फिरवत ते बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. मग माझ्या मशीनपाशी येऊन थांबले.

"त्यो डोळ्याचा डॉक्टर कधी बसतोय?"

"गुरुवारी. का?"

"हंगामाच्या आत दोन्ही डोळं झालं पायजेत. मास्तर येणार हाय बघाय." दारापर्यंत गेले आणि परत वळले. "आणि तू स्टेडियमात माझ्याजवळ बसायचं न्हाय. तिकडं तुझ्या मानसांत बस."

मी बरं म्हटलं. ते काठी घेऊन कट्ट्याकडे निघाले, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि म्हशी घरी गेलेल्या असणार, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी डोळे पुसले, परातीत पीठ घेतलं आणि वर आणखी दोन मुठी टाकल्या.