सूनबाईंना जिल्हा दाखवताना

आधी काकूंचं सांगतो, मग जिल्ह्याचं. कारण जिल्ह्याबद्दल मी पुढं जे लिहिणार आहे ते वाचून एखाद्याला वाटेल, हा माणूस खाल्ल्या मिठाला जागणारा दिसत नाही. तसं नाही. परभणीत माझी नोकरी आज शाबूत आहे, घरी आईला दर महिन्याला पैसे जातात, रात्री झोप लागते, म्हणजे पूर्वीपेक्षा बरी लागते, हे सगळं त्या एका काकूंमुळं. त्या माझ्या नात्याच्या नाहीत. मी भाड्याची गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलेला ड्रायव्हर आणि त्या गिऱ्हाइकाची बायको, एवढीच ओळख.

मी कोकणातला, देवगडच्या बाजूचा. शाळा नववीत सोडली. शाळेनंही फार आग्रह केला नाही. आंब्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून परभणीला आलो. आंबे खपले, मी उरलो. एका टूरवाल्या शेठनं गाडी चालवायला ठेवून घेतलं. शेठ मनानं वाईट नाही, त्याला फक्त पाट्या रंगवायचा नाद आहे. मी कामाला लागून महिना झाला नसेल, तोवर ऑफिसच्या पाटीवर नवी ओळ आली: 'पर्यटन-तज्ज्ञ चालक'. ऑफिसात चालक मी एकटाच. तेव्हा मला परभणीतली तीन स्थळं माहीत होती, एस्टी स्टँड, पेट्रोल पंप आणि माझी खानावळ. तिन्ही ठिकाणी गर्दी असते, म्हणजे प्रेक्षणीयच म्हणायची.

पाटी वाचून एक काका आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांचा मुलगा युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेला होता. तो डिग्री घेऊन आला आणि सोबत बायकोही घेऊन आला. डिग्री इकडं चालायला अजून एक परीक्षा द्यावी लागते म्हणे, त्यामुळं तो दार लावून अभ्यास करत होता. बायकोला परीक्षा नव्हती, ती लगेच चालली. काकूंच्या हाताखाली राहून मराठीही शिकली, आणि ती अशी शिकली की तिच्या तोंडून "लय ऊन हाय आज" ऐकल्यावर मी पहिल्यांदा गाडीचा आरसा तपासला, की मागं कोण बसलंय.

तर झालं असं, की ही सून रोज संध्याकाळी मोबाईलवर आपल्या मुलखाचे फोटो दाखवायची. तर्नोपिल की काय ते नाव. तिथं तळ्याकाठी किल्ला, टेकडीवर सोन्याच्या घुमटांचा मठ, खोल दरीतून वळणं घेत जाणारी नदी, आणि एक गुहा, जिच्यात माणसं दिवसभर हिंडतात तरी संपत नाही. काकांनी आठवडाभर सोसलं. मग एकदा तिनं सहज विचारलं, "बाबा, इथं काय हाय बगायला?" काकांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते शेठच्या ऑफिसात हजर.

शेठनं मला बाजूला घेतलं. "काका लय चिकित्सक माणूस हाय. त्यांचा नाराजीचा एक फोन आला ना, तर चावी टेबलावर ठेवायची अन् सरळ कोकणात जायचं. मासे खात बसायचं."

मासे खायला माझी हरकत नव्हती. पण आईनं सगळ्या वाडीत सांगून ठेवलं होतं की पोरगा परभणीला मॅनेजर झालाय. मॅनेजर असा पिशवी घेऊन परत आला तर तिनं काय सांगायचं? त्या रात्री मी जिल्ह्याचा नकाशा मोबाईलवर पाठ केला. सकाळपर्यंत सगळा विसरलो.

काका पुढं बसले, सून मधे, आणि काकू शेवटच्या सीटवर, डब्यांच्या पिशव्यांबरोबर. पिशव्यांना धरायला कोणीतरी लागतं ना.

गाडी जिंतूर रोडला लागली तशी काकांनी परीक्षा सुरू केली. "तू तज्ज्ञ म्हणं?"

"शेठ म्हणतात."

"मंग सांग, येलदरी धरणाचं पाणी कुटं जातं?"

मी खूप विचार केला. "पुढं," म्हणालो.

काकांनी खिशातलं एक पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. मागून फक्त काकूंचा हात आला, हातात धपाटं. "घे रे लेकरा, उपाशी गाडी चालवू नको."

येलदरीला आम्ही एक भिंत पाहिली. चांगली मोठी भिंत आहे, कुणी नावं ठेवणार नाही. पूर्णा नदी तिच्या पलीकडं होती, आम्ही अलीकडं. दरवाजे सगळे बंद. भिंतीवर जायचं नाही असं तिथल्या माणसानं सांगितलं, काकांनी त्याला आपली जुनी नोकरी सांगितली, त्यानं ती आदरानं ऐकून घेतली आणि पुन्हा सांगितलं, जायचं नाही. काकांनी मग खालून, उन्हात उभं राहून, सुनेला विजेचं सगळं समजावलं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, पाणी?"

"आत हाय," काका म्हणाले. "पावसाळ्यात ये."

नंतर जिंतूरजवळची नेमगिरी. डोंगरात जैन लेणी आहेत, आत अंधाराची गार हवा आणि थोर शांत मूर्ती. पण दारं अशी ठेंगणी की वाकल्याशिवाय प्रवेश नाही. सुनेच्या मुलखातल्या गुहेत माणसं दिवसभर हिंडतात. आमच्या गुहेत काका एकदाच वाकले आणि मग बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी आणि सुनेनं धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. त्या अवस्थेतही त्यांची मान तिकीटखिडकी शोधत होती. किल्ल्याला तिकीट असतं, वर किल्ल्याचं चित्र असतं, हे त्यांनी सुनेच्या फोटोत पाहिलं होतं. "फुकट म्हटलं की माणसाला किंमत वाटत न्हाई," ते मला कण्हत म्हणाले. मी हो म्हणालो. मी दिवसभर हो म्हणत होतो.

राहिलं चारठाणा. काकांची सगळी भिस्त चारठाण्यावर. जुनी दगडी देवळं, नक्षीचे खांब, "असले खांब त्यांच्या बापजाद्यांनी बघितले न्हाईत." गावाच्या कडेच्या एका देवळापाशी गाडी उभी केली आणि काकांचा चेहरा उतरला. मंडपात, त्या खांबांच्या सावलीला, पंधरा-वीस शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. बाहेर ओट्यावर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र, निम्म्या ओल्या. लिंबाखाली एक मावशी काठी घेऊन कावळे राखत होती.

"जा, शेळ्या काढ बाहेर," काका दबक्या आवाजात म्हणाले. "सूनबाई उतरायच्या आत. त्यांच्या किल्ल्यात शेळ्या असतात का?"

मी गेलो. "मावशी, जरा शेळ्या बाहेर काढता का? पाहुणे आलेत."

"येऊ दे की. शेळ्या काय पावन्याला नाव-गाव इचारायल्यात?"

"परदेशातल्या आहेत हो. मूर्ती बघायच्यात त्यांना."

"मूर्त्या कुटं पळून जायल्यात का? उन्हं उतरू दे, मंग काढते."

मला तिचं म्हणणं पटलं. तेवढ्यात काकांनी गाडीतून हात लांब करून हॉर्न वाजवला, आणि हातानं खूण केली, हाकल. पुन्हा हॉर्न. पुन्हा खूण. मी समुद्रकाठचा माणूस, शेळ्यांशी माझा व्यवहार कधी आलेला नाही. मी मागच्या बाजूनं जाऊन टाळ्या वाजवल्या.

शेळ्या आत का बसवल्या होत्या, ते मला त्या बाहेर पडल्यावर कळलं. मंडपातून उतरायची वाट त्या ओट्यावरूनच. सगळ्या शेळ्या लुगड्यावर गेल्या आणि तिथंच थांबल्या. त्या दिवशी कुणी एखादं स्थळ मन लावून पाहिलं असेल तर ते त्यांनी.

"अरं मुडद्या," मावशी काठी घेऊन उठली, "कुन्या गावचा हाईस तू?"

"कोकणातला."

"मंग समिंदरात बूड की जाऊन. हितं कामून आलास? लेकीला द्यायच्या कुरडया व्हत्या रे माज्या, दोन दिस चीक घोटला."

आजूबाजूच्या घरांतून माणसं आली. शेळ्या हाकलल्या, पण लुगड्यावर जे उरलं ते बघवत नव्हतं. आता काका गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या ड्रायव्हरला अक्कल न्हाई. मी ह्याला बजावलं होतं, शेळ्यांना हात लावू नको."

हॉर्न शेळ्यांनीही ऐकला होता, पण साक्ष कोण देणार?

काकांनी फोन काढून शेठला लावला. स्पीकर चालू, म्हणजे गावालाही न्याय दिसावा. शेठ पलीकडून गोड आवाजात म्हणाला, "काका, त्याला तिथंच सोडा. जिंतूरहून दुसरा ड्रायव्हर पाठवतो तासाभरात. त्याला म्हणावं, चावी गाडीतच ठेव अन् जा."

ते ऊन, ती माणसं, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वाडीतली पाणंद, तिच्यावरून मी पिशवी घेऊन चाललोय.

शेवटच्या सीटवरून उतरायचं म्हणजे मधली सीट दुमडावी लागते. काकूंनी ती दुमडली, पिशव्या बाजूला केल्या, पदर सावरला, सावकाश खाली आल्या आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. सकाळपासून धपाट्याचा विषय सोडून त्या बोलल्या नव्हत्या.

"शेठ, मी काकू बोलायलेय. मीच म्हनले ह्याला, शेळ्या हाकल म्हनून. पोराची काही चूक न्हाई. गाडी चांगली चालवायलाय, मला लागत न्हाई गाडी आज, न्हाईतर दर बारीला उलट्या करते मी. दुसरा पाठवू नका. ह्याच्याबिगर मी गाडीत बसनार न्हाई."

शेठ गडबडला. "बरं काकू, तुम्ही म्हणाल तसं."

काका बायकोकडं वळले. "तू कवा म्हनलीस त्याला?"

"तुमी हारन वाजवायलते, तवा."

जमलेली माणसं हसली. काकांनीही हसल्यासारखं केलं आणि खांबावरची नक्षी एकदम जवळून बघायला लागले.

काकू मावशीशेजारी ओट्यावर बसल्या आणि धड राहिलेल्या कुरडया वेचायला लागल्या. "रडू नका बाई. माझ्याकडं दोन डबे भरून हायत, गेल्या हप्त्यातल्याच. उद्या ह्याच्याच हाती धाडते. लेकीला माहेरच्याच म्हना." सूनही उकिडवी बसली. एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "माझी आजी मशरूम वाळवते. दोरीला." मावशीनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "दोरीला? मंग बरंय बाई, शेळीचं तोंड न्हाई पोचत." घरातून चहा आला. तो मला पण मिळाला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

परतीच्या वाटेवर काकांना जरा हुरूप आला. "तुमच्या किल्ल्यावर आता लय गर्दी असंल," ते सुनेला म्हणाले.

"आता न्हाई, बाबा. लढाई हाय. चौकातल्या मूर्तीला वाळूची पोती लावली. मूर्ती दिसत न्हाई." तिनं मोबाईल पुढं धरला. पोत्यांचा एक ढीग, वर फळ्या, बस. काकांनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला आणि मग परत दिला.

मग ती मागं वळली. "आई, तुमच्या गावात काय बगायचं?"

"माझ्या?" काकूंना प्रश्न दुसऱ्या कुणाला आहे असं वाटलं असावं. "सोनपेठच्या पुढं हाय माझं माहेर. गोदावरीच्या काठाला."

"तिथं काय हाय बघण्यासारखं?" काका पुढून म्हणाले, सवयीनं.

"काही न्हाई," काकू म्हणाल्या. "नदी हाय."

थोडं अंतर गेल्यावर त्या आपणहून बोलल्या, बहुधा सुनेशी, पण आरशातून मला ऐकू आलं. "पवायला शिकले मी तिथं. भाऊ गेला, घर इकलं, मंग जायचं सुटलं. एस्टी जाते की. पन उतरून कुनाच्या घरी जायचं? आनी लग्न झाल्यापासून हे चारठाणाबी मी आजच बगितलं. सुनेच्या निमित्तानं." आणि हसल्या. काकांनी काच खाली केली, वर केली.

दुसऱ्या दिवशी मी कुरडयांचे दोन डबे चारठाण्याला पोचवले. मावशीनं मला ओळखलं आणि शेळ्या आधी बांधल्या. शेठची पाटी अजून आहे, आणि आता ती थोडीशी खरीही आहे: येलदरीचं पाणी कुठं जातं ते मी विचारून घेतलंय. आई अजून मला मॅनेजरच म्हणते.

गाडी अजून शेठचीच आहे, आणि गाडीसकट सुट्टीचा दिवस मागायचा म्हटलं की मला आदल्या रात्री झोप येत नाही. पण काकू, मी तो मागणार. त्या दिवशी तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं, मांडीवर एकही पिशवी न घेता. सोनपेठच्या पुढं जाऊ. कुणाच्या घरी उतरायचं नाही, गाडी सरळ नदीवर नेईन, आणि तुमचं बघून होईपर्यंत मी हॉर्न वाजवणार नाही.