भिंतीपलीकडचं इंजिन

गिरणीवाले आप्पा अंथरुणावर पडल्या पडल्या इंजिनाचे वॉल, म्हणजे झडपा, बसवायचे. पत्र्यावरून पडून मणका मोडलेला, पण कान शाबूत. भिंतीपलीकडे त्यांची पिठाची गिरणी. तिथं त्यांची बायको, आमची अक्का, पाना घेऊन उभी. इंजिन सुरू झालं की आप्पा इकडून ओरडायचे, "टॅपेट वाजून राहिलंय. फट जरा कमी कर." अक्का इंजिन थांबवून झडप ढकलणाऱ्या त्या टॅपेटचा स्क्रू फिरवायची, पुन्हा हँडल मारायची. दोघांचं निम्मं बोलणं असंच व्हायचं.

मी शेजारची नवी सून. उदगीरजवळच्या त्या गावात करमेना, म्हणून आप्पांपाशी जाऊन बसायची. ते मला इंजिन शिकवायचे. "हवा घेतं, दाबतं, पेटतं, धूर टाकतं. माणूस बी तेच करतं सूनबाई, फक्त मधी बोलतं लई." हवा दाबताना दोन्ही झडपा, हवेची आणि धुराची, घट्ट मिटायला हव्यात. तापल्यावर लोखंड वाढतं, म्हणून गार असतानाच थोडी फट सोडायची. ती नाही सोडली तर झडप मिटत नाही आणि इंजिनात दम राहत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास दुष्काळ पडला. निम्मं गाव तिकडं कचेऱ्यांच्या बांधकामावर गेलं. गिरणीत दळण येईना. तरी अक्का रोज संध्याकाळी टँकरच्या पाण्यातली घागर इंजिन गार ठेवायच्या टाकीत ओतायची आणि ते मोकळंच चालवायची. मला म्हणाली, "ह्यो आवाज थांबला तर हे बी थांबतील." आत आप्पा खुशीत. "आज गिऱ्हाईक लई दिसतंय."

एकदा अक्का टँकरवर गेलेली असताना ते हळूच म्हणाले, "दळण पडलं की इंजिन कण्हतं, सूनबाई. लई दिवस झाले, कण्हलं न्हाई. मोकळं चालून राहिलंय."

मी दाराकडं पाहिलं, अक्का अजून आली नव्हती.

"तिला सांगू नको. माझ्यासाठी एवढं करून राहिली. मला कळतंय म्हणलं, तर तिच्या हाताला काय उरंल?"

उन्हाळा संपायच्या आत आप्पा गेले. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. इतकी वर्षं आडवे असलेले आप्पा, कपाळाला भस्म लावून बसलेले, मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला रडू आवरेना.

पुढं काही दिवसांनी अक्का माझ्याजवळ येऊन बसली. "शेवटपर्यंत कळू दिलं न्हाई बघ मी त्यायला," ती म्हणाली. "गिरणी चालू हाय समजूनच गेले."

"हाव अक्का," मी म्हणाले.