दुसऱ्या ठोकळ्यात टॉर्च मारायची राहिली

आमच्या गॅरेजमध्ये एकच गाडी मावते. दुसरीच्या जागी जाड लाकडाचं एक बाक आहे आणि त्यावर हातपंपासारखा दांडा असलेलं एक प्रेस पक्कं बसवलेलं आहे. बायको त्याला ‘तुझा देव्हारा’ म्हणते, कारण रविवारी सकाळी आंघोळ करून मी तिथं बसतो तो दोन-तीन तास उठत नाही.

तिथं बसून मी पिस्तुलाची काडतुसं भरतो. बत्तीस कॅलिबरची, करंगळीच्या पेराएवढी. एकदा वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी, साफ करायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी प्राइमर बसवायची, नरसाळ्यातून बंदुकीच्या दारूची मोजलेली पावडर आत सोडायची आणि वरून शिशाची गोळी दाबायची. यात कसब एकच आहे: पावडर प्रत्येक केसमध्ये तेवढीच पडली पाहिजे. चँडलरमधल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रोसेस इंजिनियर आहे. ‘तेवढीच’ या शब्दावरच माझी नोकरी उभी आहे. फरक इतकाच, की कारखान्यात चूक झाली की मशीन बोंब मारतं. बाकावर कुणी ओरडत नाही.

हा नाद मला काकांनी लावला. काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. नागपूरहून फार पूर्वी इथं अमेरिकेत आलेले, आता रिटायर झालेले सर्जन. बत्तीसचं पिस्तूल धक्का कमी देतं, म्हणून म्हाताऱ्या हातांना ते सोसतं. दर महिन्याला वाळवंटातल्या रेंजवर त्यांच्या क्लबची नेमबाजीची मॅच असते. पुढे त्यांच्या बोटांना कंप सुटला आणि बारीक प्राइमर उचलेना, तेव्हापासून त्यांच्यासाठी मी भरू लागलो. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम. काकांनी तो मला शिकवला आणि नंतर माझ्यासाठी मोडला. क्लबात ते सगळ्यांना सांगायचे, “आमच्या मुलाच्या हातची काडतुसं आहेत.” मी त्यांचा मुलगा नाही. पण ते ऐकून मला फार बरं वाटायचं, हे कबूल करतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. माझ्याकडे पन्नास भोकांचे तीन लाकडी ठोकळे आहेत. एका ठोकळ्यात पन्नास केसेस उभ्या करायच्या, सगळ्यांत पावडर घालायची आणि मग गोळ्या दाबायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचं. पावडर इतकी थोडी असते, की दुप्पट पडली तरी केस भरत नाही. गोळी बसली की मग काहीच दिसत नाही. दुप्पट पडलेलं काडतूस हातातलं पिस्तूल फोडू शकतं. अजिबात पडली नसेल तर गोळी नळीत अडकते, आणि न कळून मागून पुढची झाडली तर तेच.

त्या रविवारी आमचा एसी बंद पडला होता. दुसऱ्या ठोकळ्यात पावडर घालता घालता बेल वाजली. एसीवाला आला होता. त्याला छतावरचा युनिट दाखवला, शिडी धरली, चाळीस मिनिटं गेली. परत आलो तेव्हा नरसाळं एका केसवर तसंच ठेवलेलं होतं. त्या केसमध्ये पावडर पडली होती की पडायची होती, आठवेना; आजूबाजूच्या कुठल्या भरून झाल्या होत्या, तेही नाही. मी अंदाजानं पुढे सुरू केलं. घामानं निथळत होतो, लवकर संपवायचं होतं. पहिल्या ठोकळ्यात टॉर्च मारली होती, तिसऱ्यातही मारली. संध्याकाळी दीडशे काडतुसं एकत्र ओतून पुसली, तीन डब्यांत भरली आणि काकांना देऊन आलो.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना एकदम आठवलं, की दुसऱ्या ठोकळ्यात टॉर्च मारलीच नाही. घरी येऊन पावडरीची बाटली तोलली. सुरुवातीचं वजन मी लिहून ठेवतो. दीडशे काडतुसांना लागायला हवी होती बरोब्बर तेवढीच पावडर गेली होती. सुटलो म्हणालो आणि जेवलो.

मंगळवारी दात घासताना कळलं, की सुटलो वगैरे काही नाही. एक केस रिकामी आणि एक दुप्पट भरलेली असेल तरी बेरीज तीच येते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. केलाही. पण विचारलं काय, तर “काका, मॅच कधी आहे?”

“शनिवारी. का रे, येतोस?”

“बघतो,” म्हणालो आणि फोन ठेवला. शनिवारपर्यंत वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मनात वेगळाच बेत होता: काहीतरी निमित्त काढून डबे परत आणायचे, एकेक काडतूस काट्यावर तोलून चुकीचं शोधायचं आणि कुणाला कळू न देता बदलून टाकायचं. घरातल्या जुन्या काडतुसांवर प्रयोग करून पाहिला. जमेना. प्रत्येक केसचं पितळ कमी-जास्त, शिशाच्या गोळ्या मी स्वतः ओतलेल्या, त्यांचंही तेच. पावडरीचा एक डोस त्या फरकात कुठल्या कुठे बुडतो. फोडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय फोडता येणार नव्हतं. हे समजायला मला बुधवार आणि गुरुवार लागले. खरं तर समजायला नाही, धीर करायला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“शंका कधी आली तुला?”

“सोमवारी.”

“आज शुक्रवार आहे.”

 त्यांनी आपले हात एकदा उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, “ऑपरेशन संपताना नर्स रक्त टिपायचे स्पंज मोजते. तिचा आकडा जुळला नाही, तर पोट शिवत नाहीत. सर्जन कितीही मोठा असो. मी एकदा तिच्यावर खेकसलो होतो, की मला उशीर होतोय, मी आत काही ठेवलेलं नाही. ती म्हणाली, तुम्ही खेकसा डॉक्टर, मी सुई देणार नाही.”

“मग?”

“मग काय, होता आत.” ते उठले. “उद्या सहाला ये. ऊन चढायच्या आत फोडू सगळी.”

“मॅच?”

“मॅच पुढच्या महिन्यातही आहे.”

सकाळी सहालाही त्यांचं गॅरेज भट्टीसारखं होतं. काडतूस फोडायला एक पोकळ हातोडा मिळतो. त्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं, की गोळी आणि पावडर सुटून आत पडतात. काका आपटायचे, मी पावडर काट्यावर ओतून वजन वाचायचो. आपटायला कंपाचा त्रास होत नाही, असं काका म्हणाले, उलट मदतच होते.

आवाजानं काकू दारात आल्या. “अहो, रिटायर झालात ना? मग ही कुणाची पोटं फाडताय सकाळी सकाळी?”

“याच्या पेशंटची.”

“थालीपीठ लावते. पण हात साबणानं धुतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. शिसं आहे ते.”

पहिला डबा नीट निघाला. दुसऱ्या डब्यातल्या सतराव्या काडतुसातून नुसती गोळी पडली. मी हातोडा उलटा करून झटकला. आत काहीच नव्हतं.

“म्हणजे दुप्पटवालं आहे,” मी म्हणालो.

“असणारच. चल पुढे.”

दुसरा डबा संपला. तिसरा उघडला तर एका ओळीत पाच जागा मोकळ्या होत्या. मी काकांकडे बघितलं.

“गुरुवारी गेलो होतो रेंजवर,” ते शांतपणे म्हणाले. “पाच झाडून बघितली.”

गुरुवारी. म्हणजे मी शनिवारपर्यंत वेळ आहे म्हणत होतो तेव्हा.

“काल का नाही सांगितलंत?”

“काल सांगितलं असतं तर झोपला असतास तू? पाचांचे आवाज सारखेच होते. अर्थात माझ्या कानांवर विसंबू नकोस.” आणि स्वतःच्या श्रवणयंत्रावर बोटानं टिचकी मारली.

त्या पाच मोकळ्या जागा मी अजून विसरलेलो नाही. काही वाईट झालं नाही, हे खरं आहे. त्यात माझं काही कर्तृत्व नाही, हेही खरं आहे.

तिसऱ्या डब्यातली अकरा काडतुसं उरली असताना काट्याचा आकडा नेहमीच्या जागी थांबलाच नाही. बरोबर दुप्पट. काका वाकून बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले. “उरलेलीही फोडू. एकच चूक केली असशील याची काय खात्री?” उरलेली सगळी ठीक निघाली. आम्ही दोनदा हात धुतले आणि थालीपीठ खाल्लं. इतकं चवीनं मी त्या आठवड्यात काही खाल्लं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मला सोमवारीच का नाही सांगितलंस?” काकांच्या ‘आज शुक्रवार आहे’मध्येही हाच प्रश्न होता, आणि उत्तर दोन्ही वेळा तेच होतं: धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी आठ वाजता काका न सांगता आमच्या गॅरेजमध्ये हजर. मला वाटलं, आता मी भरायला नको असं सांगायला आले असतील. त्यांनी खिशातून पेनाएवढी टॉर्च काढली, पेशंटच्या डोळ्यांत मारायची.

“तुम्ही अजून माझी काडतुसं वापरणार?” मी विचारलं.

“न वापरून करतो काय? माझ्यानं प्राइमर उचलत नाही. पण आता आकडा मी म्हणणार.”

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. मी पावडर घालतो, काका प्रत्येक केसमध्ये उजेड पाडतात आणि मोठ्यानं आकडा म्हणतात. हात कापतो म्हणून उजेडही थरथरतो आणि एकेका ठोकळ्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. मला त्याची घाई नाही. मध्ये काकूंचा निरोप येतो, बायको चहा ठेवून जाते, आम्ही ठोकळा संपेपर्यंत कपाला हात लावत नाही.

परवा बेल वाजली. मी सवयीनं अर्धा उठलो.

“एकतीस,” काका म्हणाले, आणि मी परत बसलो.