शेवटची चाळीस पानं

माझी माय, सुलोचना रामटेके, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. वय आता साठीला टेकलंय. आज गावात कोणाला चांगली रहस्यकथा वाचायची असली तर तो आधी तिला विचारतो आणि मग वाचनालयात जातो. पण वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ती स्वतःही इथूनच सुरुवात करते.

पहिलीतूनच तिची शाळा सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कोणी नव्हतं. लग्न होऊन कोंढ्याला आली तेव्हा बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. माय रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या बांधीत आणि एरवी घरी विड्या वळायला. मांडीवर सूप, सुपात कापलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू. बोटं आपोआप चालायची, कान मात्र दिवसभर रिकामे. त्या कानांसाठी मी वाचून दाखवू लागले.

मी सातवीत होते. वाचनालयातून थोरांची चरित्रं आणायचे आणि शाळेतून आल्यावर अंगणात बसून मोठ्यानं वाचायचे. माय ऐकायची, पण मधेच जांभई द्यायची. एके दिवशी ग्रंथपाल केशवकाकांना कुठेतरी जायची घाई होती. त्यांनी हाताला लागेल ते पुस्तक दिलं आणि कपाटाला कुलूप लावलं. घरी येऊन वाचायला लागले तर दुसऱ्याच पानावर मुडदा!

त्या दिवशी मायची जांभई गेली ती गेलीच.

मग शेजारच्या शकुनमावशी आपलं सूप घेऊन आमच्या अंगणात बसायला लागल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. पुस्तकात कोणी अंधाऱ्या जिन्यावर चढायला लागला की चारही सुपांवरचे हात थांबायचे. आणि माय मला अडवायची.

"थांब बाई. तो नोकर म्हणते, मी विहिरीवर आंघोळ करून आलो. मंग त्याचं धोतर कोरडं कसं?"

मी चार पानं मागे जाऊन बघायचे. धोतर खरंच कोरडं असायचं. मला ते वाचताना दिसलेलं नसायचं आणि तिला ऐकताना दिसायचं. दहातल्या सात वेळा ती खुनी आधीच ओळखायची, आणि उरलेल्या तीन वेळा लेखकावर चिडायची.

२००४ साली बारावी झाले आणि नर्सिंगला नागपूरला माझा नंबर लागला. जुलैत निघायचं होतं. तेव्हा आमच्या अंगणात कोकणातल्या एका बंगल्याची कथा चालू होती. बंगल्याचा मालक मेलेला, सहा जणांवर संशय, सगळ्यात जास्त त्याच्या बहिणीवर, आणि तपासाला इन्स्पेक्टर मोहरीर. मी गाडीत बसले तेव्हा चाळीस पानं शिल्लक राहिली होती.

"शकुनमावशीच्या खुशबूकडून वाचून घेजो," मी म्हटलं.

"ते पोरगी आधी शेवटचं पान पाहाते," माय म्हणाली. "मले नाही पायजे तिचं वाचन. आन् कोणी शेवट सांगितला तर त्याच्याशी बोलणार नाही मी."

पुढे जे झालं ते मला फार नंतर कळलं, आणि थोडं शकुनमावशीकडून, थोडं केशवकाकांकडून कळलं.

मायनं ते पुस्तक परत केलं नाही. त्या कथेचं पहिलं पान मी दोनदा वाचलं होतं, कारण शकुनमावशींना यायला उशीर झाला होता. मायला त्यातलं पहिलं वाक्य पाठ होतं. 'पहाटे साडेपाचला माळी फुलं तोडायला आला तेव्हा बंगल्याचं मागचं दार उघडं होतं.' ती पुस्तक उघडून बसली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाक्य म्हणू लागली. तिसरा शब्द माळी. मग 'मागचं' कुठे? 'माळी' आणि 'मागचं' तोंडातून सारखेच सुरू होतात, तर कागदावरही सारखेच सुरू होत असतील. तिला नववा शब्द सापडला. सुरुवात खरंच सारखी होती.

मग तिनं विचार केला की तपास करणारा माणूस तर पानोपानी येतो. म्हणजे ज्या शब्दाची गर्दी सगळ्यात जास्त, तेच त्याचं नाव असणार. असा शब्द तिला सापडला. चार अक्षरांचा, आणि पुन्हा त्याच 'म'नं सुरू होणारा.

"शकुन, हे पाय," तिनं मावशीला दाखवलं. "तिसरं आन् चौथं अक्षर एकच हाय. तिसऱ्याले फक्त काठी लागली. री आन् र. मो-ह-री-र!"

शकुनमावशी मला सांगत होत्या, "तुझी माय त्या दिवशी अशी हसली का मले वाटलं, हिले सरकारी नोकरी लागली."

बाकीची अक्षरं तिनं खुशबूला विचारून घेतली, पण एका अटीवर. खुशबूनं फक्त अक्षर सांगायचं, शब्द माय स्वतः लावणार. जोडाक्षरांनी तिला फार छळलं. रोवणा आला तेव्हा चिखलात उभी असताना ती काठीनं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अक्षरं काढायची. पुस्तकाची मुदत कधीच संपली होती. केशवकाका दोनदा घरी येऊन गेले.

"सुलोचनाबाई, पुस्तक कायले अडकवून ठेवलं? पोरगी तर नागपूरले गेली."

"तपास चालू हाय काका," माय म्हणाली.

डिसेंबरात मी सुट्टीवर आले. मधे एकदा येऊन गेले होते, पण तेव्हा तिनं मला काही कळू दिलं नव्हतं. दुपारी मी जेवत होते. माय ताटात भात वाढता वाढता म्हणाली,

"बहिणीनं नाही मारलं त्याले. वकिलानं मारलं."

मी घास तसाच ठेवला. "कोणी सांगितलं तुले?"

"सांगते कोण? वाचलं मी."

मला खोटं वाटलं. मी उठले, पिशवीतून माझं नर्सिंगचं मराठी पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. हे तर तिनं कधी ऐकलेलंही नव्हतं. तिनं हात पदराला पुसले आणि बोट ठेवलं. "रुग्णाची... नाडी... मोजताना..." एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता की माझा भात गार झाला. वाक्य पूर्ण करून तिनं वर बघितलं.

"यात खून नाही का?"

मी रडले. ती नाही रडली. ती म्हणाली की वकिलावर तिचा संशय पहिल्यापासूनच होता, कारण मृत्युपत्र न उघडता त्याला आतलं सगळं माहीत होतं.

त्यानंतर ती थांबलीच नाही. कोंढ्याच्या कपाटातल्या सगळ्या रहस्यकथा तिनं दोन वर्षांत संपवल्या. मग एसटीनं पवनीचं वाचनालय. तेही पुरेना, तेव्हा तिनं पुस्तकांची मागची पानं वाचायला सुरुवात केली. तिथे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची नावं असतात, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरात ती पुण्या-मुंबईला पोस्टकार्ड टाकायची, 'खुनाच्या पुस्तकांची यादी पाठवा.' काहींनी पाठवलीसुद्धा. पाकीट आलं की पोस्टमन फाटकातूनच ओरडायचा, "काकू, तुमचे मुडदे आले!"

एकदा तिच्यावर केशवकाका भयंकर संतापले. वाचताना ज्याच्यावर संशय येईल त्याचं नाव आणि पान नंबर ती एका चिठ्ठीवर लिहायची. अशी एक चिठ्ठी पुस्तकात राहिली आणि ते पुस्तक काकांनीच घरी नेलं.

"पन्नासाव्या पानावर मले खुनी कळला, सुलोचनाबाई! आता उरलेली दीडशे पानं मी कायले वाचू?"

"माही चूक झाली काका," माय म्हणाली, आणि लगेच, "पण मले तो चाळिसाव्यावरच कळला होता."

गेल्या वर्षी वाचनालयाच्या कार्यकारिणीत एक बाई हवी होती. काकांनी मायचं नाव सुचवलं. पहिल्याच बैठकीत नवीन पुस्तकांची यादी ठरत होती. सभासदांपैकी प्रफुल्ल सर शाळेत शिकवतात. माणूस भला, पण ठाम. ते म्हणाले, "यंदा खूनखराब्याची पुस्तकं नकोत. लोकांना काही घेण्यासारखं मिळालं पाहिजे."

माय खुर्चीवरून उठली. बैठकीत बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"नाही जी सर. मी खुनाच्या पुस्तकावर वाचायले शिकली. चाळीस पानं राहिली होती म्हणून शिकली. उपदेश ऐकून मले झोपच येत होती. तुमची पुस्तकं घ्या, मी नाही म्हणत नाही. पण जे पुस्तक माणसाले झोपू देत नाही, ते बी घ्या."

काका म्हणतात, सरांनी यादीचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "ताई, मग रहस्यकथा तुम्हीच निवडा."

पुस्तकं निवडायला ती नागपूरला गेली तेव्हा मी सोबत होते. दुकानदारानं गुळगुळीत कव्हरांची चळत पुढे ठेवली. ती प्रत्येकाचं पहिलं पान वाचायची, मग मधलं एक. शेवटाकडे चुकूनही हात जात नव्हता. एक जाडजूड पुस्तक तिनं बाजूला सारलं.

"हे खूप खपतंय मावशी," दुकानदार म्हणाला.

"खपत असेल. पण यातला डॉक्टर पहिल्याच पानावर घाबरून राहिला. कायले घाबरते तो?"

दुकानदारानं ते पुस्तक उचललं, माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "डॉक्टरच आहे." मग तो आतल्या खोलीत गेला आणि अजून मांडलेलीही नव्हती अशी पुस्तकं घेऊन आला. त्यातली अकरा मायनं घेतली. परत येताना पिशवी मांडीवरून खाली ठेवायला ती तयार नव्हती.

मी आता पवनीच्या दवाखान्यात नर्स आहे. मागच्या महिन्यात आसगावकडची एक बाई सुनेला घेऊन आली होती. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिनं हळूहळू, अक्षर लावत वाचली आणि विचारलं, "रामटेके म्हणजे कोंढ्याच्या सुलोचनाबाईची पोरगी का तू? ते पुस्तकवाली?"

"हो," मी म्हटलं, "तिचीच."